राईतील रात्र : काय पाहावे, कसे पाहावे

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गावकऱ्यांनी देवाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या राया आजही उभ्या आहेत. बांबर येथील निरंकाराची राई ही जायफळाच्या कुळातील रानवृक्षांची दलदल होय. अशा दलदली पश्चिम घाटात आता मोजक्याच उरल्या आहेत. चिखलात प्राणवायू कमी असल्यामुळे या वृक्षांची मुळे गुडघ्यांप्रमाणे वाकून वर येतात. ती पायांखाली तुडवली गेल्यास झाडास इजा होते; म्हणून पायवाट सोडू नये.

याच तालुक्यातील म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये घोषित झाले. पावसाळ्यात येथील रान रात्री जागे होते. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर मलबारी उडता बेडूक फेसाचे घरटे बांधतो. त्यातून बाहेर पडणारी पिल्ले थेट खालच्या पाण्यात पडतात. मलबारी चापडा हा विषारी साप झुडपावर तासन्‌तास निश्चल बसतो. म्हणून फांदीस हात लावण्यापूर्वी पाहून घ्यावे व पायांत उंच बूट असावेत. झाडावर दोन वाटोळे डोळे लकाकले, तर ती लाजवंती असू शकेल. अंधश्रद्धेपायी या निरुपद्रवी प्राण्याचा अनेक ठिकाणी बळी गेला आहे.

निशाचरांचे डोळे मंद प्रकाशासाठी घडलेले असतात. विजेरीच्या प्रखर झोताने ते दिपतात आणि प्राणी जागीच खिळतो. पहिल्या पावसात मोठ्या बेडकांना मांसासाठी पकडणारे याच गोष्टीचा फायदा घेतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये हा गुन्हा आहे. शेतातील कीटक खाणारा हा बेडूक शेतकऱ्याचा मित्र आहे. हौसेने जंगल पाहणाऱ्यानेही झोत प्राण्याच्या डोळ्यांवर रोखू नये. विजेरीस तांबडा कागद लावावा आणि क्षणभर पाहून प्रकाश बाजूला वळवावा.

अभयारण्यात जाण्यासाठी वनखात्याची परवानगी आवश्यक आहे. राईत जाण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारावे व त्यांच्यापैकी एखाद्या जाणत्यास सोबत घ्यावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या लहान तुकड्या कराव्यात.

अखेरीस सुरक्षित जागी थांबून सर्व विजेऱ्या विझवाव्यात. अंधारास डोळे सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो. त्यानंतर कुजलेल्या लाकडावर फिकट हिरवा उजेड दिसू लागतो. तो एका जातीच्या बुरशीचा असतो. विजेरी पेटलेली असेपर्यंत तो कोणासही दिसत नाही.