हार्डविकच्या खिडक्या

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या सरदारी वाड्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा डर्बीशरमधला हार्डविक हॉल सोडून दुसरं नाव माझ्या मनात आलंच नाही. बांधकाम १५९० ते १५९७चं. बांधून घेणारी श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, म्हणजेच बेस ऑफ हार्डविक. चार लग्नं झाली, चारही नवरे गेले, आणि साठी उलटलेल्या या बाईने स्वतःच्या नावाचा डंका दगडात वाजवला. सहा मनोऱ्यांच्या माथ्यावर तिची ‘ई. एस.’ ही आद्याक्षरं आजही लांबून वाचता येतात.

नजर खिळते ती मात्र खिडक्यांवर. काच सोन्यासारखी जपावी अशा त्या काळात इथे दर्शनी भिंतीचा बराचसा भाग काचेचाच आहे. तळमजल्यावर नोकरचाकर, त्यावर कुटुंब, सर्वांत वर बड्या पाहुण्यांची दालनं. मान जसा चढत जातो, तशी खिडक्यांची उंचीही. एवढी काच पेलली कशी? याचं श्रेय बहुधा वास्तुरचनाकार रॉबर्ट स्मिथसनचं. त्याने घराच्या मधोमध एक जाड भिंत घातली आणि शेकोट्यांची धुराडी बरीचशी आतल्या भिंतींमध्ये नेली. बाहेरच्या भिंती मोकळ्या झाल्या. काही खिडक्या तर खोट्या आहेत: बाहेरून काच, मागे भिंत. दर्शनी बाजूचा तोल ढळू नये म्हणून केलेला हा खटाटोप मला फार आवडतो.

पण याच काचेतून येणारं ऊन घराचा वैरी ठरलं. लांब दालनात बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे १३ विणलेले पडदे आहेत, प्रत्येक सुमारे सहा मीटर उंच. राणीचा दरबारी क्रिस्टोफर हॅटन याच्यासाठी विणलेले हे पडदे त्याच्या मृत्यूनंतर १५९२ साली बेसने विकत घेतले. हॅटनची कुलचिन्हं झाकायची म्हणून किमतीत सूट मिळवली, आणि त्याच्या हरिणींना शिंगं जोडून तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या कॅव्हेंडिश घराण्याचे नर हरीण करून टाकले! चारशे वर्षांच्या उन्हाने, धुळीने आणि काजळीने रंग उतरले, धागे विरले. वाडा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टने एकेक पडदा उतरवून धुतला, कापडाचा आधार देऊन शिवला. हे काम २४ वर्षं चाललं आणि २०२३ साली संपलं. उडालेला रंग धुऊन किंवा शिवून परत येत नाही. त्यामुळे उजेडासाठी बांधलेल्या या घरात आता खिडक्यांवर पडदे ओढून ठेवावे लागतात, आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या त्या तावदानांची डागडुजी तर कायमचीच मागे लागलेली आहे.