डबा भंगारात काढण्याआधी
जुन्या डेस्कटॉपबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

बटण दाबायचं, चहाचं आधण ठेवायचं, कप घेऊन परत यायचं, तरी पडद्यावरचं वर्तुळ गरगरतच असतं. आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप ज्यांच्या घरात किंवा दुकानात आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मग सल्ले सुरू होतात. दुकानदार म्हणतो, ‘‘साहेब, मशीन जुनं झालं, नवीनच घ्या.’’ भाचा म्हणतो, ‘‘मामा, रॅम टाक, पळेल बघ.’’ दोघांपैकी कुणीही कॅबिनेट उघडून पाहिलेलं नसतं.

खरा प्रश्न मशीनच्या वयाचा नाही. ते अडतंय कुठे, हा आहे.

गैरसमज : संगणक जुना झाला की आपोआप मंदावतो.

वस्तुस्थिती : आपण ज्या पेटीला सवयीने ‘सीपीयू’ म्हणतो, तिच्यात अनेक सुटे भाग असतात. खरा सीपीयू म्हणजे आतला, काड्यापेटीएवढाही नसलेला प्रोसेसर. तो थकत नाही. २०१५ साली सेकंदाला जितकी आवर्तनं करायचा, तितकी आजही करू शकतो. वाढला आहे तो त्याच्यावरचा बोजा. ब्राउझर, अँटिव्हायरस, पाठीमागे चालणारी अपडेट्स हे सगळं दरवर्षी जड होत गेलं आहे.

एक अपवाद आहे, तो म्हणजे उष्णता. पंख्यात धूळ साचली आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून गेली, की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. सुरू झाल्यावर दहा मिनिटं बरं चालून मग मशीन ढेपाळत असेल, तर आधी ब्लोअर आणि पेस्टची नवी नळी. त्याला ‘अपग्रेड’ म्हणायचीही गरज नाही.

अडचण नेमकी कुठे आहे ते पाहायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मशीन अडलेलं असताना सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोणता रकाना शंभर टक्क्यांना टेकलाय ते बघा. दुकानात जाण्याआधीची ही तपासणी फुकट आहे.

गैरसमज : रॅम वाढवली की वेग वाढतो.

वस्तुस्थिती : रॅम म्हणजे कामाचं टेबल. पसारा मावत नसेल तर टेबल मोठं केल्याचा फायदा होतो. मावत असेल तर टेबलाची रिकामी जागा काम करत नाही. चार जीबी रॅमवर दहा-बारा टॅब उघडणाऱ्याला आठ जीबीने नक्की फरक पडेल. आठ जीबीतली निम्मी मोकळी असेल, तर सोळाने काहीच हाती लागणार नाही. विंडोज बत्तीस बिटांची असेल तर आणखी एक गंमत. ती चार जीबीपलीकडची रॅम वापरतच नाही, मग तुम्ही कितीही बसवा.

बहुतेक जुन्या मशीनचा खरा अडथळा असतो फिरती हार्ड डिस्क. तिची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद लागतात. डोकं योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ. हिशोब केला तर सेकंदाला विखुरलेले जेमतेम पाऊणशे-ऐंशी तुकडे वाचून होतात आणि विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. तुमच्या चहाला वेळ मिळतो तो इथे. एसएसडीत काही फिरतच नाही. तीच माहिती साधारण एक दशांश मिलिसेकंदात मिळते. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत शंभरावर दिसली, तर पहिला खर्च एसएसडीचा.

गैरसमज : एसएसडी जुन्या मशीनला बसत नाही.

वस्तुस्थिती : अडीच इंची साटा एसएसडी त्याच केबलला लागते जिला हार्ड डिस्क लागते. मदरबोर्ड जुन्या साटा-२ पिढीचा असला तर तिचा कमाल वेग निम्म्यावर येईल, पण तुकडे शोधण्याचा वेळ वाचतोच आणि रोजच्या कामात जाणवतो तो हाच फरक. जुनी हार्ड डिस्क फोटो आणि फायलींसाठी आत राहू द्यावी. काम सुरू करण्याआधी बॅकअप मात्र हवाच.

‘फॉरमॅट मारला की नव्यासारखा होतो’ हाही याच घराण्यातला समज. फॉरमॅटने साचलेला कचरा जातो आणि काही आठवडे बरं वाटतं. तबकडीची गती मात्र तीच राहते.

गैरसमज : चालू होत नाही, म्हणजे मदरबोर्ड गेला.

वस्तुस्थिती : गेला असेलही. पण आधी स्वस्त संशयित तपासा. स्विच बंद करून, वायर काढून रॅमची पट्टी बाहेर काढा, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि पुन्हा घट्ट बसवा. अनेक ‘मेलेली’ मशीनं इतक्यावर उठतात. दर वेळी तारीख मागे जात असेल आणि वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवत असतील, तर तो व्हायरस नव्हे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा बटणसेल संपला आहे. घड्याळ चुकलं की वेबसाइटचं प्रमाणपत्रही मुदतीबाहेरचं वाटतं. मशीन मध्येच धाडकन बंद पडत असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर घ्या. बोर्डवरचे कपॅसिटर मात्र डोक्याशी फुगलेले दिसले, तर दुकानदाराचं म्हणणं खरं मानायला हरकत नाही.

गैरसमज : नवा प्रोसेसर टाकला की काम झालं.

वस्तुस्थिती : इथे पत्त्यांचा बंगला असतो. इंटेलच्या चौथ्या पिढीचा सॉकेट वेगळा, सहाव्या-सातव्याचा वेगळा, बाराव्याचा तर पूर्ण निराळा. आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या बोर्डात बसतो खरा, पण बोर्ड त्याला ओळखत नाही. म्हणजे प्रोसेसरसाठी बोर्ड बदला. नव्या बोर्डाला डीडीआर३ रॅम चालत नाही, खाचच वेगळ्या जागी असते, म्हणून रॅम बदला. मग जुना एसएमपीएस पुरत नाही. शेवटी जुनं म्हणून कॅबिनेट तेवढं उरतं. नावाजलेल्या कंपन्यांच्या छोट्या ऑफिस-मशीनमध्ये तर एसएमपीएस आणि बोर्डाचे जोडही अनेकदा खास त्यांचेच असतात.

सुखद अपवाद एएमडीच्या एएम४ सॉकेटचा. २०१७ सालच्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर चालतो. म्हणून खरेदीआधी बोर्डाचं नाव आणि त्याच्या कंपनीची सुसंगत प्रोसेसरांची यादी पाहावी.

गैरसमज : आय७ कधीही आय३ पेक्षा भारी.

वस्तुस्थिती : एकाच पिढीत हे सहसा खरं, पिढ्या बदलल्या की नाही. २०११ सालचा आय७-२६०० आणि २०२२ सालचा आय३-१२१००, दोघांनाही चार कोअर आणि आठ थ्रेड. तरी नवा आय३ कितीतरी वेगवान आणि विजेलाही हलका. चार आकडी क्रमांकातला पहिला अंक पिढी सांगतो, पाच आकडीतले पहिले दोन. सेकंडहँड बाजारात ‘आय७ आहे, साहेब’ एवढंच ऐकून खिशात हात घालू नये. पुढचा आकडा विचारावा. गिगाहर्ट्झचंही तसंच. २००४ चा पेंटियम ४ सुद्धा ३.८ गिगाहर्ट्झला धावायचा.

गैरसमज : विंडोज १० संपलं, म्हणजे मशीनही संपलं.

वस्तुस्थिती : १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबला. मशीन त्या दिवशी बंद पडलं नाही, पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळ मिळणं थांबलं. मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. बँकेचे व्यवहार होणाऱ्या मशीनबाबत याकडे दुर्लक्ष करू नये.

विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं मॉड्यूल आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ‘टीपीएम नाही’ असा संदेश आला तरी घाईने हार मानू नका. अनेक बोर्डांत ते असतं, बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलवर ते ‘पीटीटी’ या नावाने सापडेल, एएमडीवर ‘एफटीपीएम’ म्हणून. प्रोसेसरच सहाव्या-सातव्या पिढीचा असेल, तर ब्राउझिंग, टायपिंग आणि व्हिडिओ पाहणं एवढ्यासाठी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली एसएसडीवर छान चालते.

गैरसमज : नवं मशीन आणलं की जुनी कामं त्यावर जशीच्या तशी चालतील.

वस्तुस्थिती : मराठी डीटीपी करणाऱ्या कुणालाही विचारा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ ची. जुन्या फायलींमधले मराठी फॉन्ट युनिकोडचे नाहीत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच लग्नपत्रिका रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन उघडते. त्यात फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल जुन्या पोर्टाचा असला की संपलंच. अशा छापखान्याने नवं मशीन जरूर घ्यावं, जुनं इंटरनेटपासून तोडून बाजूला ठेवावं आणि मजकूर सवडीने युनिकोडमध्ये आणावा.

मग ठरवायचं कसं?

खर्च दोन प्रकारचा असतो. एसएसडी, मॉनिटर, चांगला यूपीएस यांवरचा पैसा पुढच्या मशीनबरोबर जातो. डीडीआर३ रॅम किंवा जुन्या सॉकेटचा प्रोसेसर यांवरचा पैसा त्याच डब्यात अडकतो. पहिला खर्च बिनधास्त करा, दुसरा हात राखून. अडकणारा खर्च तशाच कामाच्या नव्या मशीनच्या निम्म्यापुढे जाऊ लागला, किंवा बोर्डच गेला, किंवा मुलीला व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय आणि प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा आहे, तर नवंच घ्या. त्यात उधळपट्टी नाही.

जुनं मशीन टाकताना एवढंच करा. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी भागाचा रीतसर पुनर्वापर नोंदला गेला. म्हणून नोंदणीकृत संकलकाकडेच द्या. आणि देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. क्विक फॉरमॅटने फायलींची अनुक्रमणिका तेवढी पुसली जाते, पानं जागेवरच असतात. तुमच्या पॅनकार्डाचं स्कॅनसुद्धा. डबा गेला तरी डिस्क घरीच राहू द्या.