जुन्या इंद्रजालला कसलं कव्हर घालावं?

इंद्रजाल कॉमिक्स 1964 साली सुरू झाली आणि 1990 मध्ये बंद पडली. त्यामुळे घरोघरी उरलेले, त्यातल्या वेताळ या नायकाचे जुने अंक आता फक्त कमीच होत जाणार. ते टिकावेत म्हणून बरेच जण स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, चकचकीत पाकिटं आणतात आणि माझ्या मते नुकसान तिथूनच सुरू होतं. ही पाकिटं बहुधा पीव्हीसीची असतात. त्यांना मऊ ठेवणारं रसायन हळूहळू झिरपतं, मुखपृष्ठाची शाई प्लास्टिकला धरते आणि अंक बाहेर काढताना रंगाचा पापुद्राच निघून येतो. शिवाय स्वस्त कागदातल्या लिग्निनमुळे आम्ल आतच तयार होत असतं. कडा आधी पिवळ्या पडतात, मग तपकिरी होतात आणि शेवटी बोट लागताच तुटतात. म्हणून पाकीट पॉलिएस्टरचं म्हणजे मायलरचं हवं, आणि अंकामागे आम्लविरहित पुठ्ठा. मायलर महाग वाटलं तर पॉलिप्रॉपिलीनही चालतं.

प्लास्टिकमध्ये कागद घुसमटतो, कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी येते, हा आक्षेप अगदी रास्त आहे. पण दोष कोंडलेल्या दमटपणाचा आहे. अंक कोरड्या हवेत, हिवाळ्यात भरा, पाकिटाचं तोंड चिकटपट्टीने बंद करू नका, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. नाहीतर पिना गंजतात आणि घडीवर तांबूस डाग उमटतात. स्कॅन करून ठेवलं की झालं, असंही म्हणतात. स्कॅनमध्ये गोष्ट उरते, पण तो कागद आणि ती छपाई उरत नाही. लॅमिनेशन मात्र कृपया करू नका, ते पुन्हा काढता येत नाही.