वाळवीचा मुकादम कोण?

वारूळ बांधायला ना नकाशा, ना मुकादम. एक वाळवी मातीची गोळी ठेवते, तिच्या खुणेने दुसरी पुढची ठेवते. निरोप बांधकामातूनच मिळतो. प्राणिशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये याला 'स्टिग्मर्जी' म्हटलं.

हार्वर्डमध्ये राधिका नागपाल यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलेले 'टर्मीस' रोबो हेच करतात. चाकांच्या जागी हुकांसारखे पाय, पाठीवर फोमची एकच वीट. स्वतःच रचलेल्या पायरीवर चढायचं, वीट ठेवायची, उतरायचं, दुसरी आणायची. आपापसात चकार शब्द नाही! फक्त समोरच्या विटा बघायच्या आणि ठरलेल्या एकेरी वाटेने जायचं. एखादा रोबो कमी झाला तरी काम अडत नाही. मला तर त्यांच्या व्हिडिओतली ती डुलत डुलत चढायची चालच जास्त आवडते.