बिटकॉइनचा भाव, पण कुठला?

मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये बिटकॉइनचा भाव एका ठसठशीत आकड्यात दिसतो, शेजारी हिरवा किंवा लाल बाण असतो, आणि हा आकडा कुठून आला हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. खरं तर बिटकॉइनला एकच एक बाजार नाही. बायनान्स, कॉइनबेस, क्राकेन अशा प्रत्येक एक्स्चेंजवर स्वतंत्र सौदे होतात आणि शेवटचा सौदा ज्या दराने झाला तो तिथला भाव. लासलगावचा आणि सोलापूरचा कांदा एकाच दिवशी वेगळ्या दराने जातो, तसंच. म्हणूनच कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून भाव मागवणं हे निव्वळ प्रोग्रामर मंडळींचं खूळ आहे असं मला वाटत नाही. तिथे कुणाचा भाव, कशातला आणि कोणत्या वेळेचा, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

यासाठी लागणारं 'कर्ल' हे साधन मॅकवर आणि अलीकडच्या विंडोजवर आधीपासूनच असतं. त्याचा जन्मही, गंमत म्हणजे, चलनाच्या दरांपायीच झाला. इंटरनेटवरच्या गप्पांमध्ये आपल्या बॉटला विनिमय दर सांगता यावेत म्हणून स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गने एक छोटं साधन हाती घेतलं, ते वाढवत नेलं आणि १९९८ साली त्याला कर्ल हे नाव मिळालं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, कर्ल लिहून पुढे एक्स्चेंजने जाहीर केलेला पत्ता दिला की मजकुराची एखादी ओळ परत येते. बायनान्सला 'बीटीसीयूएसडीटी' असं विचारावं लागतं. म्हणजे अ‍ॅपवर ज्याला आपण डॉलर समजत होतो ते बऱ्याचदा टेदर नावाचं, डॉलरशी बांधलेलं दुसरं टोकन असतं. रोजच्या भावांची यादी मागवली तर प्रत्येक दिवसाची सुरुवातीची, सर्वाधिक, सर्वांत कमी आणि शेवटची किंमत मिळते. पण तो दिवस जागतिक प्रमाणवेळेचा, आपल्याकडे पहाटे साडेपाचला उलटणारा. अ‍ॅपमधली 'आजची घसरण' अनेकदा सरकत्या २४ तासांची असते, त्यामुळे दोन्ही आकडे जुळले नाहीत तरी दोन्ही बरोबर असू शकतात.

सरासरी भाव दाखवणारी संकेतस्थळं असताना हा उपद्व्याप कशाला, असं कुणी म्हणेल. सरासरी उपयोगी आहेच, फक्त ती कुणाकुणाची हे ठाऊक हवं. जानेवारी २०१८ मध्ये कॉइनमार्केटकॅपने दक्षिण कोरियातली काही एक्स्चेंजेस आपल्या सरासरीतून काढली. तिथले भाव जगापेक्षा बरेच चढे होते, त्यामुळे संकेतस्थळावरचे आकडे एकदम खाली आले आणि बाजार कोसळल्याचा अनेकांचा समज झाला. बदलला होता हिशेब. एखाद्या एक्स्चेंजला थेट भाव विचारणाऱ्याला हा फरक लगेच दिसला असता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एक्स्चेंजच खोटं सांगत असेल तर? मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या कंपनीने अमेरिकेच्या रोखे नियामकापुढे मांडलं होतं की बिटकॉइनच्या जाहीर उलाढालीपैकी सुमारे ९५ टक्के बनावट आहे. कर्ल ही बनवाबनवी गाळून देत नाही. खोटा आकडा ते तितक्याच इमानाने आणून देतं. पण चार ठिकाणचे आकडे शेजारी ठेवले की एखादं एक्स्चेंज उलाढाल अफाट सांगतं आणि त्याच्या ऑर्डरबुकात मात्र खरेदी-विक्रीच्या मागण्या तुरळक, अशी विसंगती नजरेत येते. अ‍ॅपच्या एका आकड्यात ही तुलना होऊच शकत नाही.

राहिला प्रश्न सट्ट्याच्या नादाचा. अ‍ॅपमध्ये भावाखालीच खरेदीचं बटण असतं. टर्मिनलमध्ये ते नाही. भारतात बिटकॉइनच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, हे लक्षात घेता नुसतं पाहणाऱ्याचं काही बिघडत नाही. बायनान्ससारख्या एक्स्चेंजवर जाहीर भाव वाचायला खातंही लागत नाही. खात्याची गुप्त चावी लागते ती शिल्लक पाहायला किंवा सौदा करायला. तेव्हा निव्वळ भाव दाखवतो म्हणणारी एखादी तयार स्क्रिप्ट ती चावी मागू लागली, तर ती तिथेच बंद करावी.