घड्याळाचा पट्टा

घड्याळ विकत घेताना आपण कंपनी विचारतो, किंमत विचारतो, आजकाल तर त्यात पावले मोजली जातात काय आणि फोन आल्याचे कळते काय हेही विचारतो. पट्ट्याविषयी मात्र कोणी चौकशी करीत नाही. वस्तुतः घड्याळाचा जो भाग दिवसाचे चौदा-पंधरा तास आपल्या कातडीला लागून असतो, घाम, तेल, धूळ, भांड्यांचे पाणी सारे सोसतो आणि सर्वांत आधी झिजतो, तो पट्टाच. शिवाय सध्या ज्या स्मार्ट घड्याळांची चलती आहे त्यांच्यापुरते बोलायचे तर मालकाला स्वतःच्या हाताने काढता-लावता येईल असा एवढा एकच भाग त्यांत उरला आहे. म्हणून या लेखात घड्याळाविषयी न लिहिता पट्ट्याविषयीच लिहावयाचे मी ठरविले आहे.

या विषयात मला अधिकार काय, असे प्राध्यापकमंडळी विचारतील. माझे वडील सदरमध्ये घड्याळ दुरुस्तीची टपरी चालवितात. कॉलेज सुटल्यावर संध्याकाळचे दोन तास मी तेथे बसते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पण पट्टा बदलावयास मी सातवीत असतानाच शिकले होते.

मनगटावर घड्याळ बांधण्याची चाल तशी फार जुनी नाही. पूर्वी पुरुष मंडळी साखळीचे घड्याळ खिशात ठेवीत आणि मनगटावरचे घड्याळ हा बायकांचा दागिना समजत. १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात खंदकातील सैनिकाला एका हातात बंदूक असताना खिसा चाचपणे परवडेना, तेव्हा घड्याळ मनगटावर आले आणि तेथेच राहिले. त्या काळी घड्याळाला तारेच्या कड्या डाखलेल्या असत व त्यांतून चामड्याची पट्टी ओवीत. पुढे काढता-घालता येणारी स्प्रिंगची पिन आली, आणि तिच्यामुळे पट्टा ही घड्याळापासून वेगळी वस्तू झाली. कोणत्याही कंपनीच्या घड्याळाला कोणाचाही पट्टा चालू लागला. १९६१ साली बंगलोरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा कारखाना निघाला, त्या घड्याळांनाही हीच पिन होती. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने सेलवरची घड्याळे घरोघरी नेली, तरी पिन तीच राहिली.

ही पिन म्हणजे एक बारीक पोकळ नळी. तिच्या आत स्प्रिंग आणि दोन्ही टोकांना दबणारी टोके. घड्याळाच्या डब्याला वर दोन आणि खाली दोन असे जे कान असतात, त्यांच्या आतल्या बाजूला सुईच्या अग्राएवढी भोके असतात. पिनेची टोके त्यांत जाऊन बसतात. पट्टा काढताना घड्याळ मऊ कापडावर पालथे ठेवावे, पट्टा आणि कान यांच्या फटीतून बारीक दुफाट्या टोकाचे हत्यार घालून पिनेचे टोक आत दाबावे आणि पट्टा उचलावा. भाजीची सुरी किंवा सेफ्टी पिन वापरू नये. ती घसरते, डब्यावर ओरखडा उठतो आणि पिन उडून जी नाहीशी होते ती सापडतच नाही. नवा पट्टा लावताना बक्कलाचा तुकडा बाराच्या बाजूला व भोकांचा तुकडा सहाच्या बाजूला येतो. बसविल्यावर दोन्ही तुकडे एकदा चांगले ओढून पाहावेत. पिन एका टोकाला अर्धवट बसली असेल तर टेबलावर काही कळत नाही, चालत्या स्कूटरवर कळते.

माप दोन कानांमधल्या अंतराचे घ्यावयाचे, डब्याच्या रुंदीचे नव्हे. साधारणपणे ते १८, २० किंवा २२ मिलिमीटर असते. आमच्याकडे येणारे निम्मे लोक "मोठा पट्टा द्या" म्हणतात. त्यांच्या मनात लांबी असते, आम्हाला हवी असते रुंदी. २२ च्या जागी २० चा पट्टा लावला तर तो लागतो खरा, पण डावी-उजवीकडे सरकत राहतो आणि पिन वाकवितो.

आता स्मार्ट घड्याळांकडे वळू. यांत तीन तऱ्हा दिसतात. पहिलीत तीच आपली जुनी पिन. दुसरीत पिनेलाच एक इवलीशी खुंटी असते, ती नखाने ओढली की पट्टा सुटतो; हत्यार लागत नाही. तिसऱ्या तऱ्हेत कंपनीने स्वतःची वेगळीच खाच केलेली असते. २०१५ साली बाजारात आलेल्या ॲपलच्या घड्याळात पाठीमागचे बटण दाबून पट्टा बाजूला सरकवावा लागतो. खाचेची पद्धत सोयीची आहे हे मी नाकारीत नाही, परंतु एका कंपनीच्या खाचेत दुसरीचा पट्टा जात नाही. उद्या त्या कंपनीने खाच बदलली की जुने घड्याळ चालू असूनही पट्ट्यावाचून पडून राहावयाचे. माझे मत विचाराल तर विद्यार्थ्याने साध्या पिनेचे, २० किंवा २२ मिलिमीटरचे घड्याळ पाहून घ्यावे. त्याचा पट्टा कुठल्याही गावच्या बाजारात मिळतो.

हे मत अगदी निःस्वार्थी नाही, हेही सांगून टाकते. वडील ज्या काळात हा धंदा शिकले तेव्हा चावीचे घड्याळ उघडून, चक्र न् चक्र धुऊन, तेल देऊन परत लावणे ही विद्या होती. एचएमटीची घड्याळे करणे बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. तरी आजही कोणी आजोबांचे घड्याळ घेऊन येतो तेव्हा वडील डोळ्याला भिंग लावतात आणि त्या दिवशी घरी आल्यावर जरा जास्त बोलतात. स्मार्ट घड्याळाचे तसे नाही. ते गोंदाने चिकटवून बंद केलेले असते, आत दुरुस्तीला भाग मिळत नाहीत, आणि उघडलेच तर पाणी आत न जाण्याची हमी संपते. परवा एक मुलगा आला. "काका, हे चालूच नाही होऊन राहिलं जी." वडिलांनी उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. "बाबू, हे माह्याच्यानं उघडत नाही. पट्टा बदलाचा असंल तर सांग." तीस वर्षे घड्याळे उघडणाऱ्या माणसाला हे वाक्य दिवसातून कित्येकदा म्हणावे लागते. माझी परीक्षेची फी आता बहुतांशी पट्ट्यांतून येते. केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये एक पोर्टल सुरू केले आहे, पण टपरीपर्यंत सुटे भाग पोचावयास वेळ लागेल असे दिसते.

असो. पट्टा किती आवळावा हा प्रश्न जुन्या घड्याळात केवळ आवडीचा होता, नव्यात तो कामाचा झाला आहे. या घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त तांबडे असल्याने हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढते, अधिक प्रकाश शोषला जातो, कमी परत येतो. या कमी-जास्तीवरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि मोजणी चुकते. एक करंगळी आत जाईल इतपत पट्टा ठेवावा, धावताना एक भोक आवळावे आणि नंतर पुन्हा सैल करावे. ब्रिटिश लष्कराने १९७३ मध्ये नायलॉनच्या अखंड पट्ट्याचा एक नमुना ठरविला. तो 'नाटो पट्टा' या नावाने मिळतो. एक पिन तुटली तरी घड्याळ पडत नाही हा त्याचा गुण. परंतु तो घड्याळाच्या पाठीखालून जातो आणि हिरवा दिवाच झाकतो, म्हणून स्मार्ट घड्याळाला निरुपयोगी. मनगटावर दाट गोंदण असेल तरीही प्रकाश अडतो. आपल्याकडे आज्यांच्या हातांवर गोंदण असते. त्यांना असे घड्याळ द्यावयाचे तर गोंदण नसलेल्या हातावर बांधावे.

मनगटावर पुरळ उठले की लोक घड्याळाच्या किरणांना दोष देतात. बहुतेक वेळा कारण साधे असते : पट्ट्याखाली अडकलेला घाम आणि साबण. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, रबरी पट्टा दिवसभर न काढणे म्हणजे कातडीला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणे होय. काहींना मात्र खरोखरच वावडे असते. स्टीलच्या चेनमध्ये किंवा बक्कलात निकेल असते; खोटे कानातले घातल्यावर ज्यांचा कान चिघळतो त्यांनी ओळखून घ्यावे. चामडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, तेही काहींना सोसत नाही. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल व हिरडा वापरून कमावितात, त्यात क्रोमियम नसते. २०१४ मध्ये फिटबिट कंपनीला आपले फोर्स नावाचे पट्टे पुरळाच्या तक्रारींमुळे परत घ्यावे लागले होते, तेव्हा हा प्रश्न केवळ आपल्या घामट हवेचा नाही. पुरळ उठल्यास घड्याळ काढावे, आणि आठवड्यात बरे न झाल्यास डॉक्टरांना दाखवावे. नवा पट्टा विकून आम्ही ते बरे करू शकत नाही.

धुण्याची रीत सोपी आहे. पट्टा आधी घड्याळापासून सोडवावा. रबरी आणि नायलॉनचा पट्टा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, स्टीलच्या चेनच्या फटी जुन्या टूथब्रशने घासाव्यात, सावलीत पूर्ण वाळवावे व मगच लावावे. घड्याळाला स्वतःला साबण लावू नये, कारण पाणी अडविणाऱ्या रबराला तो मानवत नाही. ओलसर फडक्याने पाठ पुसली की पुरे. चामड्याला पाणी दाखवूच नये. पावसाळ्यात ते कपाटात कोंडल्यास बुरशी धरते. अत्तर व सॅनिटायझर पट्टा बांधण्यापूर्वी लावून सुकू द्यावे. लग्नसराईत पांढऱ्या रबरी पट्ट्यावर हळदीचे डाग घेऊन मुली येतात. साबणाने ते जात नाहीत. पट्टा धुऊन दोन-तीन दुपारी उन्हात ठेवला की हळदीचा रंग आपोआप फिका होतो. नव्या जीनचा निळा डाग मात्र तसा जात नाही.

आणि पट्टा टाकून देताना त्यातल्या पिना काढून काड्यापेटीत ठेवाव्यात. सरळ असतील तर पुन्हा लागतात. पिनेसाठी आमच्याकडे येणाऱ्यांना वडील बहुधा अशाच डबीतली पिन लावून देतात आणि तिचे पैसे घेत नाहीत.