साथीने तोडली गुहेतली साथ

जमिनीखालच्या गुहेत उतरायचे तर किमान चार जण हवेत, असा केव्हिंग करणाऱ्यांचा जुना दंडक आहे. त्यामागचा हिशेब साधा आहे. एकाला दुखापत झाली तर दुसरा त्याच्याजवळ थांबतो आणि उरलेले दोघे मदत आणायला बाहेर पडतात. दोघे अशासाठी, की अंधारातून, पाण्यातून आणि दोरावरून परतणाऱ्यालाही एकटे सोडणे धोक्याचे असते. मे २०२० मध्ये इंग्लंडमधली टाळेबंदी थोडी सैल झाली, तेव्हा सरकारी नियम असा होता : मोकळ्या जागेत दुसऱ्या घरातल्या फक्त एका व्यक्तीला भेटता येईल. म्हणजे साथीचा हिशेब दोघांचा होता आणि गुहेचा चौघांचा. दोन्ही नियम जीव वाचवण्यासाठीच होते. पण वेगवेगळ्या घरांतून येणाऱ्या मित्रांना ते एकाच वेळी पाळणे शक्य नव्हते.

करोनाने सगळ्याच खेळांना खीळ घातली. धावणारा एकटा धावू शकला, सायकलवाला एकटा निघू शकला. केव्हिंगमध्ये मात्र सोबत ही हौस नसते, ती सुरक्षेचे साधन असते. म्हणूनच या छोट्या छंदाला साथीने काय केले, हे आरोग्याच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे गुहा म्हटले की अजिंठा-वेरूळ आठवते. ती बेसॉल्ट खडकात माणसाने कोरलेली लेणी आहेत. केव्हिंग चालते ते मुख्यतः चुनखडीच्या नैसर्गिक गुहांमध्ये. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि हजारो-लाखो वर्षांत चुनखडी विरघळवत जमिनीखाली कित्येक किलोमीटरचे मार्ग तयार करते. ब्रिटनमध्ये यॉर्कशायर, डर्बीशायर, मेंडिप टेकड्या आणि दक्षिण वेल्स ही यासाठी प्रसिद्ध ठिकाणे आहेत. आपल्या देशात मेघालयात अशा गुहांचे जाळे आहे. हेल्मेट, डोक्यावरचा दिवा, हार्नेस आणि दोर घेऊन त्यांत उतरायचे, कुठे रांगत तर कुठे गळ्याएवढ्या पाण्यातून पुढे जायचे आणि जमल्यास नकाशा करायचा, हे केव्हिंग.

गुहा म्हणजे बाहेर की आत?

साथीच्या नियमांत 'घराबाहेर' आणि 'बंदिस्त जागा' असा मोठा भेद होता. गुहा यातल्या कोणत्या रकान्यात बसते? नकाशावर पाहिले तर ती रानात आहे. पण छप्पर आहे, भिंती आहेत आणि ऊन नाही.

वैद्यकीयदृष्ट्या हा प्रश्न हवेचा आहे. करोनाचा विषाणू श्वासातून, बोलण्यातून आणि खोकण्यातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांवाटे पसरतो. मोकळ्या जागेत वारा हे कण विरळ करतो आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण विषाणूला काही मिनिटांत निकामी करू शकतात. गुहेत सूर्यप्रकाश पोहोचतच नाही. ब्रिटनमधल्या गुहांचे तापमान वर्षभर साधारण आठ ते दहा अंश सेल्सियस असते आणि हवा दमट असते.

वारा मात्र काही गुहांत चांगला खेळतो. वर-खाली दोन तोंडे असलेल्या गुहेत धुराड्यासारखा प्रवाह तयार होतो, कारण आतली आणि बाहेरची हवा वेगवेगळ्या तापमानाची असते. पुढे वाट नसलेल्या कोनाड्यात हवा जवळजवळ साचलेली असते. त्यामुळे सगळ्या गुहांना एकच नियम लावता येत नाही. शिवाय अरुंद फटीत अडकलेल्या मित्राचा पाय धरून ओढायचा असेल, तर दोन मीटरचे अंतर कसे राखणार? मास्क घालावा, तर घामाने आणि ओलाव्याने तो लगेच भिजतो आणि भिजलेल्या मास्कमधून दमलेल्या माणसाला श्वास घेणे जड जाते.

गुहेपेक्षा क्लबचे घर धोक्याचे

खरा धोका गुहेत कमी आणि तिच्या आगेमागे जास्त होता. ब्रिटनमध्ये केव्हिंग बहुतांशी क्लबांमार्फत चालते. गुहांच्या परिसरात अनेक क्लबांची स्वतःची साधी घरे असतात. एका खोलीत दाटीवाटीने लावलेले झोपायचे बाक, ओले कपडे वाळवायची कोंदट खोली आणि सगळ्यांसाठी एकच स्वयंपाकघर. जाताना चौघे-पाच जण एका गाडीत आणि परतताना जवळच्या पबमध्ये, शेकोटीपाशी, खांद्याला खांदा लावून गप्पा. श्वसनमार्गाने पसरणाऱ्या विषाणूला यापेक्षा अनुकूल जागा शोधून सापडली नसती.

२० मार्च २०२० रोजी ब्रिटनमधले पब बंद झाले आणि तीन दिवसांनी देशभर टाळेबंदी आली. यॉर्कशायरमध्ये 'गेपिंग गिल' नावाचे ९८ मीटर खोल उभे विवर आहे. दरवर्षी दोनदा तिथले क्लब यारीने खुर्ची खाली सोडून सामान्य लोकांनाही तळाशी नेतात. अनेकांची गुहेशी पहिली ओळख तिथेच होते. २०२० च्या वसंतात ही खुर्ची हलली नाही. २०२१ हे आंतरराष्ट्रीय गुहा वर्ष म्हणून ठरले होते. ते २०२२ पर्यंत वाढवावे लागले. फ्रान्समध्ये २०२१ साली भरणारी गुहाविज्ञानाची जागतिक परिषदही जुलै २०२२ मध्ये झाली. मेघालयात तीन दशकांपासून भारतीय आणि परदेशी संशोधक एकत्र मोहिमा काढत आले आहेत. पण मार्च २०२० मध्ये भारताने पर्यटक व्हिसा थांबवले आणि पुढच्या हिवाळ्यात परदेशी गुहाप्रेमींची वाट बंद झाली.

पडद्यावरची मैफल

रिकाम्या संध्याकाळी पडद्याने भरून काढल्या. क्लबांच्या बैठका आणि व्याख्याने ऑनलाइन झाली. घरी पडून असलेली मोजमापे बाहेर निघाली आणि अर्धवट राहिलेले नकाशे पुरे करायला वेळ मिळाला. कुणी झाडाला दोर बांधून चढण्या-उतरण्याचा सराव केला, कुणी खुर्च्यांखालून सरपटत अरुंद फटींची हौस भागवली.

याचा एक फायदा निर्विवाद आहे. गुडघे दुखतात म्हणून घरी बसलेला जुना सदस्य, लहान मूल असलेली आई किंवा गुहांच्या प्रदेशापासून दूर राहणारा हौशी यांनाही बैठकीत जागा मिळाली. पण पडद्यावर माहिती पोहोचते, हात तयार होत नाही. गाठ नीट बसली आहे की नाही, हे जुना जाणकार दोराला हात लावून पाहतो. नवख्याचे ओठ निळसर पडलेत, तो अचानक गप्प झालाय, म्हणजे शरीर थंड पडू लागले आहे, हे सोबतच्याच्या लक्षात येते. 'आता मागे फिरू' म्हणणारा आवाजही शेजारीच असावा लागतो.

सगळ्यात मोठी खोट विद्यार्थ्यांच्या क्लबांत होती. ब्रिटनमध्ये अनेक जण विद्यापीठात असतानाच केव्हिंग शिकतात. तिथला विद्यार्थी तीन-चार वर्षांत बाहेर पडतो. पहिल्या वर्षी तो शिकतो आणि पुढे नव्यांना शिकवतो. अशा साखळीतले एखादे वर्षही कोरडे गेले, तर शिकवणारे निघून जातात आणि शिकणारे न शिकताच वरिष्ठ होतात. ही हानी आकड्यांत चटकन दिसत नाही. ती एखाद्या कच्च्या निर्णयातून, पुढे कधीतरी, दिसते.

मदतीला येणारेही माणसेच

टाळेबंदीत निरोगी, तरबेज लोकांनीही गुहेत जाऊ नये, असे का सांगितले गेले? कारण ब्रिटनमधले गुहा-बचाव दल स्वयंसेवकांचे असते. कुणी शिक्षक, कुणी सुतार, कुणी परिचारिका. एक पाय मोडला तर स्ट्रेचर बाहेर काढायला डझनावारी माणसे लागतात आणि तीही एकमेकांना खेटून. त्यातल्या एकाला संसर्ग असला तर सगळे दल विलगीकरणात जाणार. रुग्णालयातल्या खाटांची चणचण वेगळीच.

हा धोका केवळ कागदावरचा नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये, इंग्लंडमध्ये टाळेबंदी असताना, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात नियम मोडून मुक्कामाला गेलेल्या एकाच्या छातीत दुखू लागले. त्याच्या मदतीला निघालेला बचाव दलाचा स्वयंसेवक सुमारे दीडशे मीटर खाली कोसळला आणि त्याच्या मणक्याला कायमची इजा झाली. ही घटना गुहेतली नसली, तरी संयमाचा अर्थ तिने स्पष्ट केला. घरी थांबणे हे स्वतःइतकेच, आपल्यासाठी धावून येणाऱ्यांसाठी होते.

निर्बंध उठल्यावर त्याच वर्षी परीक्षा झाली. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी वेल्समधल्या 'ओगोफ फनोन दी' या सुमारे २७४ मीटर खोल गुहेत एक अनुभवी केव्हर पडला. पाय आणि जबड्यासह अनेक ठिकाणी दुखापत झाली होती. अशा वेळी जखमेइतकीच भीती थंडीची असते. नऊ-दहा अंशांच्या ओलसर जागी हालचाल न करता पडलेल्या माणसाचे तापमान उतरत जाते, रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणून ऊब, वेदनाशामके आणि सतत बोलणारे कुणीतरी हे तिन्ही उपचारच ठरतात. वेल्स आणि इंग्लंडमधल्या दलांचे सुमारे अडीचशे ते तीनशे लोक पाळ्या लावून आत गेले आणि ५४ तासांनी त्याला जिवंत बाहेर आणले. दीड वर्ष ज्यांना नीट एकत्र सराव करता आला नव्हता, त्यांची साखळी तुटली नव्हती.

वटवाघळांचीही काळजी

साथीने गुहेतल्या मूळ रहिवाशांकडेही लक्ष वेधले. करोनाच्या विषाणूचे जवळचे नातलग चीनच्या युनान प्रांतात आणि लाओसमध्ये वटवाघळांत सापडले आहेत. त्यामुळे लोकांच्या मनात वटवाघळांची भीती बसली. तज्ज्ञांना मात्र उलटीही चिंता होती : माणसाकडून विषाणू वटवाघळांत गेला तर? २०२० मध्ये अमेरिकेत वटवाघळे हाताळावी लागणारी संशोधनाची कामे थांबवण्याची शिफारस झाली. पुढे तिथल्या एका प्रजातीवर केलेल्या प्रयोगात संसर्ग झाला नाही, तरी सावधगिरी योग्यच होती. कारण २००६ पासून एका बुरशीने उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळांचा बळी घेतला आहे. ती माणसाच्या कपड्यांवरूनही पसरू शकते, म्हणून तिथले केव्हर कपडे आणि दोर निर्जंतुक करायला करोनाच्या आधीच शिकले होते.

वटवाघळांच्या विष्ठेतल्या एका वेगळ्या बुरशीमुळे माणसाला 'हिस्टोप्लाझ्मोसिस' हा फुप्फुसाचा आजार होतो. ताप, कोरडा खोकला, थकवा ही लक्षणे करोनासारखीच. गुहेतून आल्यावर एक ते तीन आठवड्यांत असा त्रास झाला आणि करोनाची चाचणी नकारात्मक आली, तर 'गुहेत गेलो होतो' हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवे.

एकांत आणि एकटेपणा

टाळेबंदीने माणसांचे काय होते, हे समजून घ्यायला फ्रान्समध्ये काही जण मुद्दाम गुहेत गेले. मार्च २०२१ मध्ये पंधरा स्त्री-पुरुष लोंब्रीव गुहेत घड्याळ, फोन आणि सूर्यप्रकाशाविना चाळीस दिवस राहिले. बाहेर येताना त्यांना साधारण तीस दिवसच झाले, असे वाटत होते आणि दोन तृतीयांश जणांना आणखी थांबायचे होते. स्वेच्छेने गेलेल्या मोजक्या लोकांचा हा प्रयोग, तुलनेसाठी दुसरा गटही नाही. त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण जगापासून तुटणे आणि माणसांपासून तुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून जाणवते. त्यांच्याजवळ एकमेक होते. टाळेबंदीत एकट्या खोलीत राहणाऱ्याजवळ ते नव्हते.

या सगळ्यातून टिकवण्यासारख्या सवयी थोड्या आणि सोप्या आहेत. ताप-खोकला असताना गटाबरोबर जायचे नाही. न आल्याबद्दल कुणाला टोमणा मारायचा नाही. मुक्कामाच्या खोलीत खिडक्या उघड्या ठेवायच्या. करोनासारख्या आजारानंतर जिना चढताना धाप लागत असेल, छातीत दुखत किंवा धडधडत असेल, तर तपासणी झाल्याशिवाय दोरावर चढायचे नाही. सुरुवात सोप्या, छोट्या वाटेने करायची. मोठ्या खंडानंतर परतणाऱ्या तरबेज माणसानेही आधी जमिनीवर सराव करावा. व्याख्याने पडद्यावर राहोत, पण गाठी समोरासमोरच शिकाव्यात. हे सह्याद्रीच्या दऱ्यांत दोर लावून उतरणाऱ्या आपल्याकडच्या गटांनाही तितकेच लागू आहे.

साथीत अंतराने माणसे वाचली, हे खरे. जमिनीखाली माणूस वाचतो तो मात्र जवळ असलेल्या माणसामुळे. घरी कधी थांबायचे आणि सोबत कधी उतरायचे, याचा विवेक ज्या गटाकडे आहे, त्याच्याबरोबर गुहेत जायला हरकत नाही.